थिर्झा सेचेल शेतात आहे

ससा पळताना नाकासमोरचं नीट पाहत नाही. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना. मागून येणारं कुत्रं त्याला दिसतं, वरून घिरट्या घालणारा ससाणा दिसतो, पण समोर जमिनीला चिकटून पडलेलं माणूस, ते हललं नाही तर, त्याच्या लेखी मातीचं ढेकूळच. हे थिर्झा सेचेलला कुणी शिकवलं नव्हतं. वॉटलफेनच्या काळ्या नांगरटीत अकरा हिवाळे पोटावर पडून ती ते शिकली. एकदा एक नर इतका जवळ आला की त्याच्या मिशांवर गोठलेलं दव तिला दिसलं. फोटो मात्र आला नाही. इतक्या जवळचं तिच्या लेन्सला दिसतच नाही.

आमचा मुलूख सपाट. पूर्वी इथे सगळं पाणी होतं. माणसांनी ते उपसलं, आणि पंप अजूनही उपसतच असतात. चर सरळ, वाटा सरळ, आणि आभाळ असं की घराबाहेर पडलं की ते खांद्यावर येऊन बसतं. बाहेरचे लोक म्हणतात, इथे लपायला जागा नाही. रानसशाला विचारा. बिळात राहणारे आखूड कानांचे ससे वेगळे. हा बीळ करत नाही. उघड्या रानात अंगापुरता खळगा उकरतो, पाठीमागे कान पाडून त्यात बसतो आणि सगळ्या जगाला म्हणतो, शोधा मला.

थिर्झाही तशीच. बटाट्याची पोती उसवून तिने स्वतःसाठी एक लांब अंगरखा शिवला होता आणि चराच्या तांबूस काळ्या पाण्यात आठवडाभर बुडवून ठेवला होता. डोक्यावर तसलंच फडकं. लेन्स जुनी, गावातले कुणी बुजुर्ग गृहस्थ वारले, त्यांच्या घरातलं सामान विकायला काढलं होतं तेव्हा मिळालेली, नवजात कोकराएवढी जड. ती कोपरांवर तोलून बाई दोन नांगरटींच्या मधल्या सरीत उतरली की दहा पावलांवरून जाणाऱ्या माणसालाही पत्ता लागत नसे. रेमंड फियरी, ज्याचं ते शेत, तो एकदा ट्रॅक्टर थांबवून तिला हाका मारत बसला होता. ती त्याच्या पुढच्या चाकापासून हातभर अंतरावर होती.

"अगं बये, ओ तरी द्यायचीस!" तो घाबरून ओरडला होता.

"ओ दिली असती तर ससा उठला असता," ती म्हणाली होती.

बाई वयाने एकसष्ट. पोटापाण्यासाठी लीक सोलायची. लीक म्हणजे आमच्याकडचा कांद्याच्या पातीचा जाडजूड भाऊ. पत्र्याच्या शेडमध्ये थंड पाण्याच्या नळाखाली उभं राहून त्याची मुळं छाटायची, वरची पानं उडवायची, जुडी बांधायची. तेहतीस वर्षं तिने हेच केलं. तिच्या सुरीचा वेग बघायला नवीन बायका हात थांबवून उभ्या राहत. गुडघा गेला तेव्हा तिला अर्ध्या दिवसाचं काम मिळालं. उरलेल्या अर्ध्या दिवसाचं काय करायचं म्हणून तिने कॅमेरा घेतला असं ती सांगते. ते काही खरं नाही.

खरं हे की तिचा बाप दिव्यावर ससे मारायचा. ती नऊ वर्षांची असताना मोटारीच्या बॅटरीला जोडलेला तो मोठा दिवा तिच्या हातात असायचा. दिव्याच्या झोतात ससा सापडला की तो पळत नाही. कुठल्या बाजूला काळोख आहे आणि कुठल्या बाजूला जग आहे हेच त्याला कळेनासं होतं. बाप म्हणायचा, "हलू नकोस, धर तसाच." आणि ती धरायची. धाकटा भाऊ ऑल्बी पोतं घेऊन मागे उभा. हे तिने ऑल्बीखेरीज कुणाशी कधी काढलं नाही, आणि ऑल्बीशीही एकदाच.

म्हणून तिच्याकडे दिवा नाही, फ्लॅश नाही. गाजरं टाकून बोलावणं नाही, गाडीतून पाठलाग नाही. सूर्य देईल तेवढंच घ्यायचं. आणि तिथेच सगळी मेख आहे. पळणारा ससा पकडायचा तर शटर सेकंदाच्या दोन हजाराव्या भागात उघडून मिटलं पाहिजे. त्याला प्रकाश लागतो भरपूर. ससा नेमका पळतो, नाचतो, मागच्या पायांवर उभा राहून एकमेकांच्या थोबाडीत मारतो, ते उजाडायच्या सुमाराला, प्रकाश अजून चिमूटभरच असतो तेव्हा. वर्षातून सात-आठ सकाळी अशा येतात की दंव कडक पडलेलं असतं, वारा नसतो, आणि ऊन सरीसरीतून आडवं धावत येऊन सशाच्या कानांतून आरपार जातं. कानातल्या शिरा दिसतात. ती वीस मिनिटं. त्यासाठी थिर्झा बाकीचे दिवस पडून राहायची.

शहरातल्या फोटोक्लबात तिने एकदा एक फोटो नेला होता. परीक्षक तलम मफलरवाला माणूस होता. तो म्हणाला, "बाई, चित्र छान आहे, पण पाय पुसट आलेत. बारीकसा फ्लॅश मारला असता तर काय बिघडलं असतं?"

"पाय पुसटच होते," थिर्झा म्हणाली. "मी तिथे होते. तुम्ही नव्हता."

फोटो काखेत मारून ती बसने परत आली आणि पुन्हा क्लबात गेली नाही.

*

सशाचे फोटो काढणाऱ्यांत एक रीत आहे. फोटो दाखवायचा, जागा सांगायची नाही. शेताचं नाव नाही, वाटेचं नाव नाही, विचारलंच तर "तिकडे" म्हणून हात भलतीकडे करायचा. कारण ससे कुठे आहेत हे ऐकून नुसते आमच्यासारखे लोक येत नाहीत. कुत्रेवाले येतात. लांब पायांची कुत्री घेऊन, चार-चार गाड्या भरून, दिवसाढवळ्या. उभ्या गव्हातून गाड्या घालतात, सशामागे कुत्री सोडतात आणि कुणाचं कुत्रं सशाला आधी वळवतं त्यावर पैजा लावतात. अडवायला गेलं तर माणसालाच गाडी घालतात.

थिर्झाने अकरा वर्षांत ऑल्बीलाही जागा सांगितली नव्हती. आणि मग तिच्या हातून ती चूक झाली.

गावच्या सभागृहाची चिटणीस मॅव्हिस पेपरवेल तिच्या दारात आली. "छप्पर गळतंय, कॅलेंडर काढतोय. जानेवारीला तुझा ससा दे." थिर्झाने दिला. दोन ससे उभे, एकमेकांवर हात उगारलेले, उडालेली लव उन्हात तरंगतेय. तिने निवडताना पाय पाहिले, कान पाहिले, डोळ्यातला ठिपका पाहिला, उजेड पाहिला. तासभर पाहिला तो फोटो. फक्त सशांच्या मागे पाहिलं नाही. मागे, आभाळाच्या कडेला, नखाएवढं पंपघर होतं. दोन धुराड्यांचं. पंचक्रोशीत दोन धुराड्यांचं पंपघर एकच आहे आणि ते फियरीच्या शेताच्या टोकाला आहे.

कॅलेंडर दारूच्या गुत्त्यात लागलं, टायरच्या दुकानात लागलं, जनावरांच्या डॉक्टरकडे लागलं. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात कुत्रेवाले आले. चार दिवसांनी परत आले. दुसऱ्या वेळी रेमंड फियरी जीप आडवी घालून उभा राहिला, तर त्यांनी जीपच चरात ढकलली. आत रेमंड होता.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या सोमवारी तो थिर्झाच्या स्वयंपाकघरात आला. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. डाव्या हाताने त्याने कॅलेंडरचं पान टेबलावर ठेवलं आणि बोट टेकवलं. सशांवर नाही. पंपघरावर.

थिर्झाने चष्मा लावला. पाहिलं. चष्मा काढला.

"माझं चुकलं," ती म्हणाली.

"चुकलं," रेमंड म्हणाला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. दोघं एकाच शाळेत, एकाच बाकावर होते. "चाळीस एकर गहू चिखलात गेला, थिर्झे. माझी बायको आता एकटी दाराबाहेर येत नाही. मी काय करायचं?"

"पोलीस?"

"आले. दीड तासाने. वहीत लिहून घेतलं."

"मग तू काय ठरवलंयस ते बोल. नुसतं पान दाखवायला तू दोन मैल आला नाहीस."

तो खिडकीबाहेर बघत बोलला. "शनिवारी हाका आहे. तीन शेतांचे मिळून चाळीस बंदूकवाले. फेब्रुवारी संपायच्या आत माझ्या जमिनीवर एक ससा ठेवायचा नाही. ससे नसतील तर कुत्रेवाले कशाला येतील?"

आमच्याकडे हा हाका जुना आहे. हाकाऱ्यांनी एका टोकाकडून ओळीने चालत यायचं, काठ्या आपटायच्या, दुसऱ्या टोकाला बंदुका उभ्या. ससे उठतात ते सरळ बंदुकांवर. हे फेब्रुवारीत होतं, आणि फेब्रुवारी संपला की बंदुका कपाटात जातात. मार्च सशांचा, हे कुणी न लिहिलेलं पण सगळ्यांनी पाळलेलं.

"चूक माझी," थिर्झा म्हणाली, "आणि मरायचं त्यांनी?"

"मला काय हौस आहे? मलाही बघायला आवडतात ते."

"आवडतात म्हणे! अरे, तुझ्या शेताच्या कोपऱ्यात काळे ओंडके पडलेत. मातीतून निघालेले, हत्तीएवढे. ते वाटांच्या तोंडावर टाक. गाडीच आत आली नाही तर कुत्रं सोडणार कुठून?"

"या हाताने टाकू? शनिवारपर्यंत? आणि तीन वाटा आहेत."

"मला दोन आठवडे दे. मी रोज उजाडायला तिथे असते. ही लेन्स सशाचा डोळा टिपते, गाडीचा नंबर नाही टिपणार?"

"नको. तुलाही ढकलतील चरात." तो उठला. "शनिवारी घरी बस, थिर्झे. आवाज ऐकू नयेत म्हणून रेडिओ लाव."

तो गेल्यावर तिने ते पान उचललं. फोटो चांगला होता. तोच तर राग होता. तिने पान चुलीत घातलं, सायकल काढली आणि गावात जाऊन गुत्त्यातलं, टायरवाल्याकडचं, डॉक्टरकडचं, सगळीकडचं जानेवारीचं पान फाडून आणलं.

टायरवाला म्हणाला, "अहो बाई, फेब्रुवारी लागला, ते पान तसंही उलटलंय."

"उलटलेलंही नको. नकोच," ती म्हणाली.

*

शुक्रवारी संध्याकाळी ऑल्बी आला. हाकाऱ्यांचा मुकादम तोच होता, बावीस माणसं त्याच्या शिट्टीवर चालणार होती. तो दारातच बूट झटकत बोलायला लागला.

"थिर्झे, उद्या काही वेडेपणा करू नकोस."

"कसला वेडेपणा?"

"बंदुकांपुढे जाऊन उभी राहशील. पाटी घेऊन. त्या शहरातल्या बायकांसारखी."

"मी आणि पाटी? मला उभंच राहता येत नाही धड, गुडघा बघितलास का?" तिने त्याला चहा दिला. "बंदुका कुठे उभ्या राहणार? पंपघराच्या बाजूला?"

"हो, पंपघराच्या..." तो थांबला. "तुला कशाला?"

"आवाज कुठून येईल ते कळावं म्हणून. रेडिओ त्या खिडकीत ठेवीन."

ऑल्बीने कपावरून तिच्याकडे बघितलं. "बापासारखी दिसतेस तू खोटं बोलताना," तो म्हणाला आणि चहा पिऊन गेला.

शनिवारी उजाडायच्या आधी थिर्झा निघाली. सायकल तिने फियरीच्या मोठ्या फाटकाला टेकवली, अगदी मधोमध, चुकून कुणाच्या नजरेतून सुटणार नाही अशी. हँडलला पुठ्ठा बांधला. त्यावर लीकच्या खोक्यांवर लिहायच्या जाड शाईने लिहिलं होतं: थिर्झा सेचेल शेतात आहे. कुठे ते शोधा.

मग ती चालत आत गेली. शंभर एकरांची ती पट्टी, अर्धी नांगरलेली, अर्धी गव्हाची. कुठल्या सरीत जायचं हे तिने आधी ठरवलं नव्हतं. मुद्दामच. ठरवलेलं असतं तर ऑल्बीने ओळखलं असतं. चालता चालता एके ठिकाणी पाय थांबला, तिथे ती उतरली, अंगरखा ओढून घेतला आणि पोटावर पडली. कॅमेरा आणला होता. तो सवयीने आणला होता. जमीन इतकी गार होती की पहिली पाच मिनिटं ती गार नाही, गरम आहे असंच वाटलं.

आठला गाड्या आल्या. दारं आपटल्याचे आवाज, खोकणं, हसणं. मग हसणं थांबलं. पुठ्ठा वाचला गेला होता.

"हा काय पोरखेळ आहे?" कुणीतरी.

"आहे का खरंच आत? नुसती सायकल टाकून गेली असेल."

"ती?" हा रेमंडचा आवाज. "ती आत आहे."

"मग काढा बाहेर! मी पंचवीस मैल गाडी हाकत आलोय!"

मोकळ्या हवेत आवाज फार लांबून येतो. थिर्झा एकेक शब्द ऐकत होती. रेमंड बांधावर चढून ओरडला, "थिर्झे! बाहेर ये! झालं तेवढं पुरे!" त्यानंतर ऑल्बी ओरडला. त्यानंतर कुणीतरी जीपचा भोंगा पाच मिनिटं वाजवला. ती हनुवटी मातीवर टेकवून पडून राहिली.

शेवटी ऑल्बीची शिट्टी झाली. हाकारे ओळीने आत आले, पण ससे उठवायला नाही, तिला शोधायला. पंपघराकडे बंदुका रिकाम्या, नळ्या बिजागरीत खाली वाकवून काखेत धरलेल्या. एक जिवंत बाई त्या मातीत कुठेतरी आहे म्हटल्यावर कोण काडतूस भरणार?

आणि नेमका तेव्हा सूर्य धुक्यातून वर आला.

अकरा हिवाळ्यांत तिने असा उजेड पाहिला नव्हता. सरी उजळल्या, एक काळी, एक सोन्याची, एक काळी. हाकाऱ्यांच्या पायांनी ससे उठायला लागले. एक, मग तीन, मग कितीतरी. ते अंग लांब करून, चारी पाय पोटाखाली गोळा करून पुन्हा फेकत, दंवाचा धुरळा उडवत धावत होते, आणि त्यांतली एक मोठी मादी वाकड्या नांगरटीवरून वळून सरळ थिर्झाच्या रोखाने आली. समोरून. उजेड बाजूने. कान उभे, त्यांतून ऊन आरपार. शंभर पावलं. ऐंशी. दोन हजाराव्या भागाला पुरून उरेल इतका प्रकाश.

थिर्झाचा हात लेन्सवर गेला.

लेन्सची काच तळहाताएवढी होती. ती वर उचलली असती तर त्या आडव्या उन्हात आरशासारखी चमकली असती, पंपघरापर्यंत. आणि शटरचा खटका. ऑल्बीचे कान तिला ठाऊक होते.

तिने लेन्स उलटी केली आणि काच मातीत दाबली. ओल्या काळ्या मातीत, रुतेपर्यंत. मादी वीस पावलांवर आली, दहावर आली, तिच्या डाव्या खांद्यावरून उडी घेऊन गेली. मागच्या पायाने उडालेली माती थिर्झाच्या तोंडावर आली. ती तिने तशीच राहू दिली.

थोड्या वेळाने बूट आले. मोठे, उजव्या टाचेशी फाटलेले. दोन सरी पलीकडे येऊन थांबले आणि वरून ऑल्बीचा आवाज आला, स्वतःशीच.

"कुठे मेलीय म्हातारी. पोरपणापासून हाच धंदा. लपाछपीत ही सापडायचीच नाही, मी रडत घरी जायचो, आणि आई मलाच मारायची. आता वय झालं, दात पडले, तरी लपलीय. सापडू दे, लीकच्या खोक्यात घालून शेडवर पाठवतो. शीऽऽ काय ही थंडी." त्याने नाक शिंकरलं. थिर्झाने हसू आवरायला जीभ दातांखाली धरली. रक्ताची चव आली. बूट पुढे गेले.

अकरापर्यंत शोधलं. मग फियरीकडे वाटाण्याचं सूप तयार होतं ते थंड होऊ लागलं, आणि चाळीस माणसं शिव्या देत गाड्यांत बसली. एकही बार झाला नाही.

ती उठली तेव्हा दुपार कलली होती. उठली म्हणजे आधी हातांवर, मग एका गुडघ्यावर, मग बऱ्याच वेळाने दुसऱ्यावर. फाटकापाशी रेमंड तिच्या सायकलीशेजारी उलट्या बादलीवर बसला होता.

"पुढच्या शनिवारी परत बोलावलंय त्यांना," तो म्हणाला. "महिन्याचा शेवटचा शनिवार."

"बोलाव. मी परत येईन."

"माझ्या जमिनीवर यापुढे पाय ठेवायचा नाहीस."

"पाय कधी ठेवते मी? पोटावर असते."

"थंडीने मरशील तिथे!"

"मग तर शोधावंच लागेल तुला," ती म्हणाली आणि सायकल ढकलत निघाली, कारण चढून बसायचं त्राण नव्हतं.

*

पण शरीराला हट्ट कळत नाही. मंगळवारी तिला ताप भरला. गुरुवारी छातीत शिट्ट्या वाजायला लागल्या. डॉक्टरीण बाई म्हणाली, फुप्फुसाला सूज आहे, आठ दिवस अंथरूण. शुक्रवारी ऑल्बी सूपचं भांडं घेऊन आला, तिचा खोकला ऐकत बसला, आणि म्हणाला, "झालं ना समाधान? उद्या तर उठवणारही नाही तुला."

"उठेन," ती म्हणाली आणि इतकी खोकली की त्याने तिची पाठ धरली.

मग तो उठला. जाताना मागच्या दाराने गेला, परसातल्या शेडमध्ये काहीतरी खडखडलं.

शनिवारी सकाळी ती उठली, निदान बसली. मागच्या खिडकीतून शेडचं दार उघडं दिसलं. सायकल नव्हती.

ती समजायची ते समजली. मग तिची नजर चुलीकडे गेली. आमच्या सपाट मुलखात एका घराचा धूर चार मैलांवरून दिसतो. फियरीच्या अंगणातून तिचं धुराडं दिसतं, हे तिला ठाऊक होतं. धूर निघाला म्हणजे थिर्झा घरी आहे. तिने चूल पेटवली नाही. अंगात कोट, त्यावर शाल, त्यावर तो पोत्याचा अंगरखा, पायांत दोन जोड मोजे. गार दुधात ओटचं पीठ कालवून खाल्लं. पडदे ओढले. खिडकीच्या आतल्या बाजूला तिच्या श्वासाचा बर्फ धरत होता.

आठ वाजून वीस मिनिटांनी फोन वाजला.

तो टेबलावर होता, तिच्या कोपरापासून वीतभर. ऑल्बीने नेऊन ठेवलेली सायकल रेमंडने फाटकावर पाहिली असेल. आणि ती खरंच आत आहे की आजारी पडून घरी आहे हे जाणून घ्यायला याहून सोपा उपाय नाही. उचलला की चाळीस काडतुसं भरली जातील. थिर्झाने दोन्ही हात मांडीवर ठेवले. फोन चौदा वेळा वाजला. थांबला. पुन्हा वाजला. तिला खोकला आला तो तिने शालीत तोंड खुपसून काढला, जणू तारेतून ऐकू जाईल. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा तिला त्या फोनची कीव आली, पण हात मांडीवरच राहिले. ससा असाच बसतो. शेजारून माणूस गेलं तरी. त्याचं काळीज किती उडत असतं हे तिला आज पहिल्यांदा कळलं.

साडेनऊला वाटेवरून पहिली गाडी परत गेली. पडद्याच्या फटीतून तिने पाहिली. मग दुसरी. मग एकामागे एक, चिखल उडवत, सतरा गाड्या. बार एकही नाही.

दहाला फोन पुन्हा वाजला. तिने उचलला.

"घरी आहेस?" रेमंड.

"आत्ताच आले."

"आत्ता आलीस," तो म्हणाला. "कुठून?"

"तुझ्याच शेतातून."

"कुठल्या भागातून?"

"ते सांगायचं नाही अशी रीत आहे."

बोलता बोलता ती खोकली. त्याला खोकला ऐकू आला असणार. तिने तो यावेळी दाबला नव्हता. "दोन वाटांवर ओंडके टाकलेत," तो अखेरीस म्हणाला. "तुझ्या भावाने ओढून दिले. तिसरी राहिलीय."

"तीही कर."

"ते परत आले तर?"

"परत आले तर मी आहे. उजेड लागतो त्यांना यायला, आणि नंबर टिपायला मलाही तोच लागतो."

"तू माझ्या जमिनीवर यायची नाहीस, सांगितलंय मी."

"सांगितलंयस."

"आणि ती सायकल घेऊन जा फाटकावरून. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटतं आत बाई पडलीय."

थिर्झाने कॅलेंडर पाहिलं. गावचं नव्हे, लीकच्या शेडवरून मिळालेलं साधं. अजून तीन दिवस होते फेब्रुवारीचे.

"राहू दे तिथेच," ती म्हणाली. "एक मार्चला नेते."

तिने फोन ठेवला, खाली बसून चुलीत सरपण रचलं आणि काडी ओढली. वारा अजिबात नव्हता. धूर सरळ वर गेला, सगळ्या वॉटलफेनला दिसेल इतका उंच.